आज काय गावलं?

रत्नागिरीत मासे खायला बसलेल्या पाहुण्यापुढे जे कार्ड येतं, त्यावर बहुतेक ठिकाणी ‘मालवणी फिश करी’ असं छापलेलं असतं. मालवण इथून दीडशेहून अधिक किलोमीटरवर. 1 मे 1981 ला सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला, तोवर मालवण हा रत्नागिरी जिल्ह्याचाच एक तालुका होता. म्हणजे नातं सख्ख्या भावाचं आहे, आणि भावाच्या नावाने घरात कुणी रागावत नाही. पण मिरकरवाड्याचं बंदर, साखरतर आणि जयगडच्या खाड्या, भाट्याच्या खाडीतल्या तिसऱ्या हे सगळं हाताशी असलेल्या गावाने आपल्या चुलीवरचं एकही नाव कार्डावर का लिहू नये, हा प्रश्न आता विचारायला हवा.

कारण घरात ‘करी’ कुणी करत नाही. घरात कालवण होतं, सार होतं, तिखलं होतं. काळ्या वाटाण्याचं सांबारं होतं, कुळथाची पिठी होते, सोड्यांचं सुकं होतं. सार पातळ, भातावर ओतलं की ताटभर पसरणारं. तिखलं अंगासरशा रसाचं, बांगडा-तारलीसारख्या तेलकट माशाला शोभणारं. मूळचा तमिळमधला ‘करि’ हा शब्द इंग्रजांनी उचलला आणि हिंदुस्थानातल्या असंख्य रसदार पदार्थांवर सरसकट चिकटवला. 1747 साली लंडनमध्ये निघालेल्या हॅना ग्लास यांच्या पाककृतींच्या पुस्तकात तो आहे. तिथल्या चुलीला एक शब्द पुरला. कोकणातल्या स्वयंपाकघराला तो पुरत नाही, कारण इथे नाव बदललं की वाटण बदलतं, आंबट बदलतं, भांडंसुद्धा बदलतं.

बांगड्याचंच कालवण घ्या. ओलं खोबरं, धणे, हळद आणि भिजवलेली बेडगी मिरची गंधासारखी बारीक वाटायची. बेडगीचा रंग गडद आणि तिखटपणा बेताचा, म्हणून कालवण लाल दिसतं पण जीभ भाजत नाही. रसाला उकळी आली की मग मासा सोडायचा, आधी नाही. तिरफळं बिया काढून नुसती ठेचून घालायची. ती वाटणात गेली की कडवट होतात, हे प्रत्येक घरात एकदा तरी कुणाच्या तरी हातून झालेलं असतं. आमसुलं शेवटाकडे. पळी घालून ढवळायचं नाही, मासा मोडतो. भांड्याचे कान फडक्याने धरून ते नुसतं गोल फिरवायचं. आणि हे सगळं करून जे तयार होतं, त्याची खरी चव दुसऱ्या दिवशी सकाळी कळते, आटून दाट झालेलं शिळं कालवण तांदळाच्या भाकरीला लावून खाल्लं की.

हेच वाटण तिसऱ्यांना चालत नाही. त्यांना कांदा-खोबरं भाजून घ्यावं लागतं. कोंबडीला आणि मटणाला त्याहून खरपूस भाजलेलं, खडा मसाला घातलेलं. मुडदुशीसारख्या नाजूक माशाला मसाल्याचा भार सोसत नाही, तिचं कालवण हलकंच ठेवतात. मोरी बाळंतिणीला देण्याची चाल आहे. मुसलमान मोहल्ल्यातलं कालवण वेगळं, खारवीवाड्यातलं वेगळं, भंडाऱ्यांकडचं वेगळं. एकाच बंदरावरचा एकच बांगडा पाच घरांत पाच चवींचा होतो. ही या गावाची श्रीमंती आहे.

हॉटेलात काय होतं? सकाळी एक मोठं पातेलं चढतं. कांदा, टोमॅटो, भाजलेलं खोबरं, मसाला. दुपारी ऑर्डर आली की त्यातले दोन डाव कढईत जातात, त्यात सुरमईची तुकडी पडते, की झाली सुरमई करी. कोलंबी पडली की कोलंबी करी. मासा आणि रस यांची गाठ जेमतेम पाच मिनिटांची. रसात माशाचा अर्क उतरत नाही आणि माशात रस मुरत नाही.

हॉटेलवाल्यांवर खापर फोडून मोकळं होणं मात्र अन्यायाचं होईल. भरलेल्या टेबलांना पंधरा मिनिटांत ताटं द्यायची असतात, आचारी परगावचा असतो, आणि गणपतीपुळ्याहून परतणारा पाहुणा खुर्चीत बसताच ‘सुरमई आहे का’ असंच विचारतो. शिवाय हॉटेलने जे चांगलं केलं आहे ते चांगलंच आहे. जाड तव्यावर, एकसारख्या आचेवर, रव्यात घोळवून तळलेली तुकडी घरच्या छोट्या गॅसवर तशी कुरकुरीत होत नाही. पाहुण्यांना सोलकढीची ओळख झाली तीही मुख्यतः हॉटेलांमुळेच. सहकुटुंब बाहेर जेवायला जाण्यात जी मजा आहे, रोज रांधणाऱ्या बाईला एक संध्याकाळ वाढून मिळण्यात जे सुख आहे, त्याचं मोल मोठं आहे. म्हणूनच त्या ताटात अधिक चांगलं काही पडावं, ही मागणी.

ती मागणी नवीनही नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत रत्नागिरी जिल्ह्यातली माणसं हजारोंनी राबली आणि त्यातली कित्येक गिरणगावातल्या खानावळींत जेवली. खोलीत चूल मांडून दहा-वीस गड्यांना महिन्याच्या बोलीवर जेवू घालणाऱ्या त्या बाया बहुतेकदा त्यांच्याच मुलखातल्या होत्या. सावकारी कर्जात रुतलेल्या या खानावळवाल्यांना एकत्र आणून प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. 1982 च्या संपानंतर गिरण्या विझत गेल्या आणि खानावळींचा तो काळही सरला. पण एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. त्या खानावळीत कार्ड नव्हतं. बाजारात जे स्वस्त आणि ताजं मिळालं, त्याचं कालवण त्या दिवशी ताटात. रत्नागिरीच्या माणसाची ‘बाहेर जेवण्याची’ पहिली सवय ही अशी, घराला लागून असलेली होती. कार्ड नंतर आलं, आणि त्याने बाराही महिने एकच मासा छापून टाकला.

त्या छापलेल्या माशाची किंमत समुद्र मोजतो आहे. सप्टेंबर 2023 मध्ये महाराष्ट्राने चंदेरी पापलेटला राज्यमाशाचा दर्जा दिला, तो त्याची घट चिंतेची झाली म्हणूनच. त्याच वर्षी राज्याने 54 जातींच्या माशांसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवून दिली. त्याहून लहान पिल्लं मारायची नाहीत. नियम बोटीवर आणि बाजारात लागू होईल तेव्हा होईल, पण मागणी जेवणाच्या टेबलावर तयार होते. प्रत्येक टेबलावर सुरमई, पापलेट, कोलंबी एवढेच तीन शब्द ऐकू येत असतील, तर सौंदाळे, तारली, मांदेली, म्हाकूल यांना भाव मिळणार कसा? या माशांची घरातली कालवणं अव्वल आहेत. पाहुण्याला ती कुणी सांगितलेलीच नाहीत.

शाकाहारी ताटाची गत याहून वाईट. ज्या जिल्ह्यात ओल्या काजूगरांची उसळ होते, पिकल्या बिटक्यांचं कोयाडं होतं, कुयरीची भाजी होते, तिथे मासे न खाणाऱ्याला पनीर मिळतं. गणपतीपुळ्याच्या घरगुती खानावळींत आमटी-भात आणि उकडीचे मोदक टिकून आहेत, हे त्यांचं ऋणच म्हणायला हवं.

आणि हे नुसतं पाहुण्यांपुरतं नाही. जे बाहेर मानाने विकलं जातं, तेच मुलांना घरात हवंसं वाटतं. रत्नागिरीतल्या घरांतही आता रविवारी पनीर बटर मसाला होतो, तयार मसाल्याचं पाकीट फोडलं जातं. त्यात गैर काही नाही, हौस आहे. पण तिरफळाची चव दहा वर्षांच्या जिभेला लागली नाही, तर पुढे विशीत ती लागणं अवघड असतं. चार पाहुणे हॉटेलात बसून तारलीचं तिखलं मागून खाताना त्या मुलाने पाहिलं, तर आजीच्या हातच्या तिखल्याकडे तो वेगळ्या नजरेने पाहील.

गावाकडे लागणारं सगळं आहे. भाट्याला 1955 पासून नारळ संशोधन केंद्र आहे. शिरगावला 1981 पासून मत्स्य महाविद्यालय आहे. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन आहे. वाड्यावाड्यांत महिला बचत गट आहेत, ज्यांच्या हातांत पाच घरांची पाच वाटणं आहेत. हॉटेलांनी रोजचं ओलं वाटण या गटांकडून घ्यावं. बांगड्याचं वेगळं, तिसऱ्यांचं वेगळं. परगावच्या आचाऱ्याला वाटण कसं करायचं ते शिकवण्यापेक्षा वाटणच आणून देणं सोपं, आणि पैसा गावातल्या बाईच्या हाती जाईल.

आणि दारात एक काळा फळा टांगावा. मिरकरवाड्यावरचा लिलाव आटोपला की त्या दिवशी काय गावलं ते खडूने लिहायचं, आणि शेजारी त्याचं काय रांधलं आहे ते, घरातल्या नावाने. बांगड्याचं तिखलं. सौंदाळ्यांचं सार. कालवांचं कालवण. संपलं की पुसायचं. सुरमई आली नसेल तर नाही म्हणून सांगायचं. चांगल्या घरात यजमान तसंच सांगतो.

1 जून ते 31 जुलै या बंदीच्या दोन महिन्यांत फळा कोरा राहील असं ज्यांना वाटतं, त्यांनी पावसाळ्यात एखाद्या घरी जेवून यावं. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि चुलीवर सुक्या जवळ्याचं कालवण असतं, फणसाच्या आठळ्या घातलेलं काळ्या वाटाण्याचं सांबारं असतं, टाकळ्याची भाजी असते, वाफाळत्या भातावर पिठी आणि जोडीला निखाऱ्यावर भाजलेला सुका बांगडा. जुलैच्या फळ्यावर एवढं लिहायला जागा पुरायची नाही.