नळीला मंजुरी, तोंडाला नकार

अमेरिकेसारख्या धनाढ्य देशात एक विचित्र न्याय रूढ आहे. अन्ननलिकेच्या एका दीर्घकालीन विकारामुळे ज्या मुलांना नेहमीचे अन्न सोसत नाही, त्यांपैकी काहींना केवळ अमिनो आम्लांपासून बनविलेल्या भुकटीवर वाढावे लागते. ही भुकटी मुलाने पेल्यातून प्यायली, तर 'हे अन्न आहे, औषध नव्हे' असे सांगून अनेक विमा कंपन्या तिचा खर्च नाकारतात. तीच भुकटी नाकातून घातलेल्या किंवा पोटाला छिद्र पाडून बसविलेल्या नळीने दिली, की मात्र ती औषध ठरते! ज्या मुलाला गिळता येते त्याच्या आईबापांना नळीचा विचार करावयास लावणारी ही व्यवस्था वैद्यकशास्त्राने निर्माण केलेली नाही. ती हिशेबवहीने निर्माण केली आहे.

या विकाराचे नाव इओसिनोफिलिक इसोफॅगायटिस. इओसिनोफिल या रक्तातील संरक्षक पेशी. निरोगी अन्ननलिकेत त्यांना स्थान नसते. परंतु काही मुलांच्या शरीरात दूध, गहू, अंडी अशा साध्या अन्नातील प्रथिनांविरुद्ध त्या अन्ननलिकेच्या अस्तरात गोळा होतात आणि तेथे दाह सुरू होतो. तान्हे मूल दूध नाकारते, ओकते, त्याचे वजन वाढत नाही. मोठ्या मुलाचे पोट दुखते. कुमारवयात घास अडकू लागतो. उपचार न झाल्यास पुढे नलिका अरुंद होत जाते. हे सारे आम्लपित्ताच्या खाती टाकण्याची चूक दीर्घकाळ होत आली. १९९५ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या डॉक्टरांनी अशा दहा मुलांना केवळ अमिनो आम्लांच्या भुकटीवर ठेवले. आठ मुलांची लक्षणे नाहीशी झाली, दोघांची कमी झाली आणि नेहमीचे अन्न पुन्हा देताच ती परतली. म्हणजे ज्या वस्तूला विमा कंपन्या 'केवळ अन्न' म्हणतात, ती या रोगावरील औषध आहे, हे शास्त्राने तीन दशकांपूर्वीच दाखवून दिले आहे.

निदानाचा मार्गही सोपा नाही. रक्ताच्या तपासणीने हा रोग ओळखता येत नाही. मुलाला भूल देऊन दुर्बीण घशाखाली उतरवावी लागते. अस्तर वरून निर्दोष दिसले तरी वेगवेगळ्या जागांचे निदान सहा तुकडे काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागतात. एका दृष्टिक्षेत्रात १५ वा अधिक इओसिनोफिल आढळले आणि दुसरे कारण सापडले नाही, तर निदान पक्के होते. आहारातून वगळलेला एकेक पदार्थ परत सुरू करून पाहताना हीच तपासणी पुनःपुन्हा करावी लागते. प्रत्येक खेपेला भूल, प्रत्येक खेपेला देयक.

औषधांची कथा आणखी बोलकी आहे. ब्युडेसोनाइड हे दम्याचे जुने औषध गिळल्यास अन्ननलिकेचा दाह शमतो, हे डॉक्टरांना वर्षानुवर्षे ठाऊक होते. तरीही २०२२ पर्यंत अमेरिकेत या रोगासाठी अधिकृत मान्यतेचे एकही औषध नव्हते. माता दम्याच्या औषधाच्या कुप्या फोडून साखरेच्या पर्यायी भुकटीत घोटत आणि मुलांना चाटवीत. मे २०२२ मध्ये पहिली मान्यता मिळाली ती डुपिलुमॅब या इंजेक्शनाला, ज्याची छापील किंमत महिन्याला हजारो डॉलर आहे. जुन्या ब्युडेसोनाइडच्या पातळ औषधाला मान्यता मिळण्यास फेब्रुवारी २०२४ उजाडावे लागले, आणि तीही अकरा वर्षांवरील रुग्णांसाठी, बारा आठवड्यांपुरती. रोग मात्र वर्षानुवर्षे पाठ सोडत नाही.

बाजाराचे भाट म्हणतील, नफ्याशिवाय संशोधन कोठून होणार? परंतु भुकटीचा गुण एका विद्यापीठाच्या रुग्णालयात सिद्ध झाला, आणि ब्युडेसोनाइड तर दम्यासाठी आधीपासूनच दुकानात होते. स्पर्धेने पुरवठा सुरक्षित राहतो, हा दुसरा दावा २०२२ सालीच उघडा पडला. बालकांच्या जंतुसंसर्गाच्या तक्रारींनंतर फेब्रुवारीत ॲबट कंपनीचा मिशिगनमधील स्टर्जिस येथील कारखाना बंद झाला. कारखान्यात जंतू आढळले. बालकांच्या आजाराशी त्यांचा संबंध कंपनीने नाकारला. त्याच कारखान्यात अमिनो आम्लांची भुकटीही बनत असे. एका गावातील एक कारखाना थांबला आणि देशभरच्या आया दुकानोदुकानी वणवण फिरू लागल्या. विशेष भुकटीवर जगणारी काही मुले रुग्णालयात दाखल करावी लागली. जूनमध्ये उत्पादन सुरू झाले, तोच वादळी पावसाचे पाणी शिरून पुन्हा थांबले. देशाची बालान्नाची बाजारपेठ मूठभर कंपन्यांच्या हाती सोपविल्यावर दुसरे काय होणार?

काही राज्यांनी या भुकटीचा खर्च देणे विम्याला बंधनकारक केले. पण मोठे मालक स्वतःच्या पैशाने ज्या योजना चालवितात, त्यांना राज्यांचे हे कायदे लागू होत नाहीत. राष्ट्रीय कायद्यासाठी काँग्रेसमध्ये विधेयक पुनःपुन्हा मांडावे लागत आहे.

हा दूरदेशीचा तमाशा म्हणून महाराष्ट्राने मान फिरवू नये. आरोग्याचा प्रश्न विम्याने सुटेल, अशी घोषणा येथेही झालीच आहे. महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजना असो की २०१८ ची आयुष्मान भारत, दोन्हींचा भर रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णावर आहे. बाह्यरुग्ण विभागात येऊन वर्षानुवर्षे औषध आणि विशेष आहार घेणारे मूल त्यांच्या कक्षेबाहेर राहते. खाटेवर पडला तर मंजुरी, पायांवर उभा राहिला तर नकार: नळीचाच न्याय वेगळ्या वेषात आला आहे.

म्हणून मागणी स्पष्ट हवी. जिल्हा रुग्णालयांतून बालकांच्या दुर्बीण तपासणीची आणि ऊतिपरीक्षेची सोय मोफत मिळाली पाहिजे. ज्या मुलाचे अन्न हेच औषध आहे, त्याला ते सरकारी औषधालयातून मिळाले पाहिजे. जुन्या, सिद्ध औषधांचे आणि विशेष भुकटीचे उत्पादन सार्वजनिक क्षेत्राने हाती घेतले पाहिजे. मुलाने काय गिळावे हे डॉक्टरने ठरवावे. ते त्याला मिळेल की नाही, हे विमा कंपनीच्या कारकुनाने ठरविणे कोणत्याही समाजाला शोभत नाही.