दुःख वेगळं, आजार वेगळा

घरात मृत्यू झाला की पहिले दहा-तेरा दिवस घर माणसांनी भरलेलं असतं. शेजारणी पिठलं-भात आणून देतात, नातेवाईक मुक्कामाला असतात. तेरावा झाला की सगळे आपापल्या घरी जातात आणि खरं दुःख तिथून पुढे सुरू होतं. दोन महिन्यांनी कुणी म्हणतं, "अजून रडतेस? आता सावर." तर दुसऱ्या घरी बाई महिनोन् महिने अंथरुण सोडत नाही, तरी सगळे म्हणतात, "दुःखच तेवढं मोठं. काळ हेच औषध." दोन्ही बोलणी मायेचीच, पण दोन्हींनी नुकसान होऊ शकतं. म्हणून दुःख आणि नैराश्य, म्हणजे डॉक्टर ज्याला डिप्रेशन म्हणतात ते, यांतला फरक आपल्याला कळायला हवा.

दुःख लाटांसारखं येतं. कपाटात चष्मा सापडला, त्यांच्या आवडीची अळूवडी केली, की भडभडून येतं. पण मधेच नातवाच्या बोबड्या बोलावर हसूही फुटतं, चार घास गोड लागतात. त्याबद्दल मनाला बिलकुल लावून घेऊ नका.

नैराश्य म्हणजे न हटणारं मळभ. दोन आठवडे किंवा जास्त, जवळजवळ रोज, दिवसभर मन उदास किंवा कशातच गोडी नाही. त्याच्या जोडीला झोप उडते नाहीतर सारखी झोप येते, भूक मरते, अंगात त्राण राहत नाही, आज भाजी कोणती करायची एवढंही ठरवता येत नाही. बोलण्यातही फरक पडतो. दुःखात बाई म्हणते, "ते गेले, घर रिकामं झालं." नैराश्यात म्हणते, "मीच निकामी, माझा सगळ्यांना भार."

दोन्ही एकदम असू शकतात, हे मात्र विसरू नका. आमच्या शेजारच्या वहिनींचे यजमान गेले. पाच महिने झाले तरी त्या वेणी घालेनात, जेवेनात, आणि रडतही नव्हत्या. मुलानं नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं. थायरॉइड, रक्त तपासून झालं, मग मानसोपचारतज्ज्ञ. गोळ्या आणि बोलणं दोन्ही चाललं. दीड-दोन महिन्यांनी वहिनी प्रथमच यजमानांच्या आठवणीनं पोटभर रडल्या, आणि उठून चहा केला. उपचारानं दुःख पुसलं जात नाही. ते सोसायचं बळ परत येतं.

या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. बरं वाटलं म्हणून मनानं बंद करू नका, आणि शेजारणीच्या झोपेच्या गोळ्या तर मुळीच घेऊ नका. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय असते. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची 'टेलि-मानस' ही मोफत सेवाही आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीसुद्धा मराठीत बोलता येतं. वर्षश्राद्ध उलटूनही पहिल्या दिवसाइतकीच ओढ रोज जाळत असेल आणि रोजचे व्यवहार अडले असतील, तर त्यावरही वेगळे उपचार आहेत. तेव्हाही जरूर विचारा.

एका बाबतीत मात्र थांबायचं नाही. "मलाही जायचंय" असं कुणी बोललं, निरवानिरव करू लागलं, तर सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्यानं ती कल्पना डोक्यात शिरत नाही, उलट मन मोकळं होतं. त्या व्यक्तीला एकटं सोडू नका, घरातली औषधं, कीटकनाशकं कुलपात ठेवा आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

आणि शेजारधर्माचं एक. "काही लागलं तर सांग" म्हटलं की कुणी सांगत नाही. त्यापेक्षा तेराव्यानंतरच्या एखाद्या दुपारी डबा घेऊन जा, शेजारी बसा. डॉक्टरांकडे जायचं असेल तर बरोबर जा. दवाखान्याची पायरी एकटीनं चढणं फार अवघड असतं.