असेंब्ली बदलावी लागेल, सर!

"सर, असेंब्लीच बदलावी लागेल."

पंधरा दिवसांपूर्वी हे वाक्य मी ऐकलं आणि चक्क मान डोलावली. चार वर्षं इंजिनिअरिंग, मग पाच-सहा वर्षं दुसऱ्यांच्या कोडमधले बग शोधण्यात घालवली, आणि गाडीच्या एका बंद पडलेल्या आरशासमोर उभं राहून "का बदलावी लागेल?" एवढा साधा प्रश्न तोंडातून निघाला नाही. आजचं हे विकांताचं लिखाण म्हणजे त्या न विचारलेल्या प्रश्नाचं प्रायश्चित्त. लेखात राग आहे, आणि तो सर्व्हिस सेंटरवर जितका आहे तितकाच स्वतःवर आहे, हे आधीच सांगून ठेवतो. :-)

तर झालं असं. जुलैतला शनिवार, कर्जतला मित्राकडे मुक्काम, आणि कर्जतचा पाऊस. गाडी अंगणात लावली, लॉक केली, दोन्ही आरसे शहाण्या मुलांसारखे मिटले. सकाळी अनलॉक केली तर उजवा उघडला, डावा मिटलेलाच. बटण दाबलं, पुन्हा दाबलं. ढिम्म. शेवटी हाताने ओढून उघडला आणि निघालो.

इथे माझी पहिली चूक. मोटरने मिटलेला आरसा हाताने ओढला की दिसायला उघडतो, पण आतल्या खाचेत घट्ट बसतोच असं नाही. तो सैल राहतो आणि वाऱ्याने किंवा खड्ड्याने हळूहळू आत सरकतो. गाडीच्या मॅन्युअलमध्ये हे लिहिलेलं असतं म्हणे. मॅन्युअल वाचतो कोण?

पळसदरीवरून खोपोलीला जायचा रस्ता तुमच्यापैकी अनेकांच्या ओळखीचा असेल. पावसाळ्यातल्या रविवारी तिथे अर्धी मुंबई आणि पाव पुणे उतरलेलं असतं. खोपोलीच्या अलीकडे खड्डा चुकवायला गाडी डावीकडे घेतली, आणि खिडकीला लागून एक किंचाळी ऐकू आली. डावीकडून स्कूटर येत होती. मागे बसलेल्या बाईंच्या मांडीवर पोर. नशीब की मी वेग कमी केला होता आणि त्या स्कूटरवाल्याचा ब्रेक चांगला होता. आरशाकडे बघितलं तर काचेत मला माझ्याच गाडीचा दरवाजा दिसत होता. तो कधी आत सरकला, कळलंही नव्हतं.

म्हणून "एवढ्याशा आरशावर लेख?" असं कृपया म्हणू नका. आपल्या रस्त्यांवर दुचाकी डावीकडून येणारच. येऊ नये वगैरे ठीक, पण येते. तिला बघायला आपल्याकडे तो डावा आरसाच आहे.

सोमवारी गाडी सर्व्हिस सेंटरला टाकली. नाव सांगत नाही, कारण दुसरीकडे गेलो असतो तर वेगळं ऐकलं असतं अशी मला अजिबात खात्री नाही. सल्लागार साहेबांनी बटण दोनदा दाबलं, टॅबवर काहीतरी टिचकवलं आणि ते सुप्रसिद्ध वाक्य उच्चारलं. एस्टिमेट ११,४०० रुपये अधिक मजुरी. पार्ट यायला आठ दिवस. मी "बघतो, कळवतो" म्हणून गाडी घेऊन निघालो. म्हणजे बाणेदारपणे नव्हे, पगार व्हायचा होता म्हणून.

रात्री मात्र झोप येईना. डोक्यात एकच किडा: त्याला कसं कळलं?

आता थोडं तांत्रिक. घाबरू नका, बारावीच्या फिजिक्सपलीकडे काही नाही. आरशाच्या बुडाशी एक छोटी डीसी मोटर असते, तिच्यापुढे वेग कमी करणारे गिअर. मोटरला दोन तारा. एका दिशेने करंट दिला की आरसा मिटतो, प्लस-मायनस उलटे केले की उघडतो. शेवटच्या टोकाला पोचला की मोटर अडते, करंट वाढतो, तो ओळखून किंवा ठराविक सेकंद मोजून पुरवठा तोडला जातो. बस्स, एवढंच यंत्र.

यात बिघडण्यासारखं काय काय आहे? फ्यूज, स्विच किंवा कंट्रोल मॉड्यूल, तारा, कनेक्टर, मोटर, गिअर. आणि यातलं बरंचसं काहीही न उघडता चाळून बाजूला काढता येतं:

उजवा आरसा चालतोय का? चालत असेल तर सहसा फ्यूज शाबूत आहे, कारण बहुतेक गाड्यांत दोघांचा फ्यूज एकच असतो.

बटण दाबल्यावर डाव्यातून आवाज येतो का? घरघर किंवा टकटक येत असेल तर मोटर जिवंत आहे, दुखणं गिअरचं. कोणी धक्का दिल्याने खाच सुटली असेल तर बटणानेच तीन-चार वेळा मिटव-उघड केल्यावर बरेचदा 'खट्' करून जागेवर बसतो. खर्च शून्य.

अजिबात आवाज नाही? मग आरशातली बाकीची कामं बघा. काच वर-खाली होते का? इंडिकेटर लागतो का? दोन्ही होत असेल तर कनेक्टर पूर्ण सुटलेला नाही. संशय उरला मिटवायच्या मोटरवर आणि तिच्या दोन तारांवर.

आणि शेवटची परीक्षा: बटण दाबून ठेवा आणि दरवाजा सावकाश उघडा-बंद करा.

रात्री साडेअकराला पार्किंगमध्ये मी हे केलं. वॉचमन काका संशयाने बघत होते. दरवाजा साधारण अर्धा उघडल्यावर आरसा एकदम हलला. थांबला. पुन्हा हलला. मी तिथेच उडी मारली!

दरवाजा आणि गाडीच्या सांगाड्यामध्ये बिजागरीपाशी काळी, घडीघडीची रबरी नळी असते. दरवाज्याच्या सगळ्या तारा तीतून जातात. दरवाजा जितक्या वेळा उघडतो तितक्या वेळा त्या वाकतात, आणि कधीतरी वरचं प्लास्टिक शाबूत राहून आतलं तांबं तुटतं. बाहेरून तार धडधाकट, आतून अधूनमधून चिकटणारी.

पुढच्या शनिवारी पुन्हा कर्जतला जायचंच होतं. वाटेत खोपोलीत एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे थांबलो. टपरीवजा दुकान, बाहेर बॅटऱ्यांची रांग. त्यांना माझं निदान सांगायला लागलो तर म्हणाले, "थांबा हो साहेब, बघू तर द्या." टेस्ट लॅम्प काढला, रबरी नळी मागे सरकवली, तारा एकेक करून बोटाने ओढून बघितल्या. तिसरी तार रबरासारखी ताणली गेली. आत तांबं नव्हतंच. नवा तुकडा सोल्डर केला, वर स्लीव्ह, टेप, नळी परत जागेवर. बटण दाबलं. आरसा मिटला, उघडला, खाचेत बसला. ३५० रुपये, आणि चहा त्यांनीच पाजला.

आता समजा, मी ते ११,४०० भरले असते. नवीन आरसा आला असता, जोडला असता, आणि तुटकी तार तशीच राहिल्यामुळे तोही ढिम्मच राहिला असता! मग "सर, मॉड्यूल बदलावं लागेल." त्यानंतर "सर, पूर्ण हार्नेस." हे निदान नव्हे. ही लॉटरी आहे, आणि प्रत्येक तिकिटाचे पैसे आपण भरतो.

सर्व्हिस सेंटरची बाजूही मांडतो, नाहीतर तुम्ही म्हणाल एकतर्फी लिहितो. त्यांचा मुद्दा असा, की कंपनी सुटी मोटर देतच नाही, पूर्ण आरसाच देते. मान्य. तार शोधत बसायला मेकॅनिकचे तास जातात. मान्य. आजकालच्या दरवाज्यांत एअरबॅगच्या तारा आणि सेन्सर असू शकतात, तिथे कोणीही टेस्ट लॅम्प खुपसू नये. शंभर टक्के मान्य; पिवळे कनेक्टर दिसले की हात मागे घ्या. पण माझं भांडण बदलण्याशी नाहीच. मोटर जळली असेल तर खुशाल असेंब्ली बदला. माझा प्रश्न एवढाच: ती जळली आहे हे तपासलंत का? मोटरला थेट बारा व्होल्ट देऊन बघायचे तास नव्हते, तर "बदलावीच लागेल" हा 'च' कुठून आला?

वॉरंटीचा बागुलबुवा तर विचारूच नका. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींच्या वर दंड ठोठावला होता. कारण हेच: सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजवाल्यांना मिळू न देणं. बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, असंही त्या आदेशात होतं. पुढे अपिलं, कोर्टकचेऱ्या व्हायच्या त्या झाल्याच. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली, डिसेंबरमध्ये पोर्टलही आलं, आणि निवडलेल्या चार क्षेत्रांत मोटारी आहेत. म्हणजे सरकारदरबारी मुद्दा पोचलाय. पोचला नाही तो आपल्यापर्यंत.

कारण खरा गुन्हेगार आपण आहोत, मित्रहो. ऑफिसात सर्व्हर पडला तर क्लायंट चोवीस तासांत 'रूट कॉज' मागतो आणि आपण निमूट चार पानी रिपोर्ट लिहितो. "कारण माहीत नाही, नवा सर्व्हर घ्या" असं सांगून बघा, दुसऱ्या दिवशी प्रोजेक्टबाहेर असाल. तेच आपण शनिवारी सर्व्हिस सेंटरच्या एसी लाउंजमध्ये फुकटची कॉफी पीत सोफ्यावर बसतो आणि कारण न विचारता कार्ड पुढे करतो. वर म्हणतो, "आपल्या वेळेची किंमत जास्त आहे यार." असेलही. पण खोपोलीच्या त्या माणसाला वीस मिनिटं लागली, आणि माझे आठ दिवस सैल आरशानिशी गेले असते. स्कूटरवरच्या त्या पोराच्या वेळेची किंमत कोण लावणार?

ज्या खोपोलीच्या वीजकेंद्रातून १९१५ पासून मुंबईला वीज गेली, त्या गावात एक तार जोडून घेतली, यात नवल काहीच नाही. परतताना जुन्या रस्त्याने घाट चढलो. वाटेत शिंग्रोबाचं देऊळ लागतं. आख्यायिका अशी, की साहेबाच्या इंजिनिअरांना बोरघाटाची वाट सापडेना, ती या शिंग्रोबा धनगराने दाखवली, आणि बक्षीस म्हणून त्याला गोळी मिळाली. ड्रायव्हर लोक तिथे आजही नाणं टाकतात. वाट माहीत असलेल्या माणसाला आपण अजून तसंच वागवतो. गोळी घालत नाही इतकंच. "लोकल मेकॅनिक" म्हणून नाक मुरडतो आणि त्याची टपरी बंद पडू देतो.

असो. पुढच्या वेळी कोणी "असेंब्ली" म्हणालं की तीन गोष्टी करा. काय तपासलं ते विचारा. ते जॉब कार्डवर लिहून मागा. आणि पार्ट बदललाच तर जुना ताब्यात घ्या, बिल तुम्ही भरलंय. समोरचा गडबडला तर समजा, तपासलेलं काही नाही.

आणि हो, आज संध्याकाळी खाली जाऊन डावा आरसा एकदा मिटवून-उघडून बघा. पाऊस अजून संपलेला नाही.