यंत्र घेण्यापूर्वीं

वर्धा जिल्ह्यांतील एक वाचक भगिनी लिहितात कीं, त्यांच्या मुलाचा लोखंडी कामाचा लहान कारखाना आहे; दोन लेथ व तीन कामगार आहेत. आतां तो सीएनसी मिलिंग यंत्र घेऊं म्हणतो आणि त्यासाठीं राहतें घर गहाण टाकावें लागेल. होय म्हणावें कीं नाहीं, असा त्यांचा प्रश्न आहे. घर पणाला लागत असल्यामुळें या महिन्याची सर्व जागा आम्हीं याच प्रश्नाला दिली आहे.

संगणकाच्या आज्ञेनें चालणारें हें यंत्र एकाच नमुन्याचे शेकडों भाग सारख्या मापानें उतरवितें, हें खरें. पण हिंगणघाटसारख्या कापसाच्या गांवीं ऐन हंगामांत जिनिंगचा एखादाच मोडलेला भाग दुरुस्तीस येतो, तेव्हां हातानें चालणारें साधें मिलिंग यंत्र तें काम बहुधा आधीं उरकतें. म्हणून प्रथम मागील वर्षाची खतावणी उघडावी. एकाच मापाचें काम पुनःपुन्हां किती आलें व मिलिंगसाठीं बाहेर किती पैसे गेले, हें मुलानें आईस वाचून दाखवावें.

ज्यांची पुढें सेवाग्राम ही कर्मभूमि झाली, त्या गांधीजींच्या चरखा संघानें १९२९ सालीं उत्तम चरख्यास एक लाख रुपयांचें पारितोषिक जाहीर केलें. किंमत १५० रुपयांवर नसावी, खेड्यांतील बाईस आठ तास फार न शिणतां चालवितां यावा, २० वर्षें टिकावा, अशा अटी आधींच ठरविल्या होत्या. पारितोषिक कोणासही मिळालें नाहीं. पण अटी आधीं व यंत्र मागून, हा क्रम आजही अनुकरणीय आहे.

मुलानेंही अटी लिहून काढाव्या. पोलाद कापतांना हलकें यंत्र थरथरतें व माप बिघडतें, म्हणून वजन पाहावें. विक्रेत्याच्या नमुन्यावर न भुलतां आपलाच धातु व आपलेंच ड्रॉइंग नेऊन समक्ष काम काढून घ्यावें. टूल होल्डर, कटर, व्हाइस, थ्री-फेज वीज यांचा खर्च वेगळा मांडावा. बिघाड झाल्यास नागपुराहून माणूस किती दिवसांत येईल, हें लेखी घ्यावें. आपल्याकडील उन्हाळाही विसरूं नये : ४५ अंशांवर असलेला ३०० मिलिमीटरचा अॅल्युमिनिअमचा तुकडा, मापनास प्रमाण मानलेल्या २० अंशांवर येतां सुमारें ०.१७ मिलिमीटर आखडतो. जागा थंड नसेल तर बारीक मापासाठीं मोजलेले पैसे पाण्यांत गेले.

आमचें उत्तर असें : घर गहाण टाकूं नये. सहा महिने असें काम दुसऱ्याच्या यंत्रावर मजुरीनें करवून घ्यावें. तेवढ्यांत काम टिकून राहिलें, तर यंत्रच तारण ठेवून कर्ज मागावें. लहान उद्योगांस घर-जमिनीच्या तारणावांचून कर्ज देतां यावें म्हणून २००० सालीं स्थापन झालेल्या पतहमी निधीविषयीं बँकेंत विचारावें. हप्ता मात्र आजच्या दोन लेथांच्या उत्पन्नांतून निघेल एवढाच असावा. मुलाच्या उमेदीस आईनें अवश्य होकार द्यावा. घराच्या कागदांस नव्हे.