बेटांवरचा डॉक्टर आणि दरडोई खर्चाचा हिशेब

लक्षद्वीपसारख्या दूरच्या बेटांवर सरकारी आरोग्यसेवा चालविणे परवडत नाही, हे पालुपद अलीकडे उजळ माथ्याने आळवले जाते. रुग्ण मोजके, खर्च अवाढव्य. तेव्हा लोकांच्या हाती विम्याचे कार्ड द्यावे, रुग्णालय खाजगी संस्थेकडे सोपवावे आणि सरकारने हात झटकावेत, असा हा युक्तिवाद. त्याला अर्थशास्त्राचा मुलामा दिलेला असतो. खरवडून पाहिले की आत दुकानदाराची वही निघते.

२०११ च्या जनगणनेनुसार लक्षद्वीपची लोकसंख्या ६४,४७३. ती दहा बेटांवर विखुरलेली. सगळी जमीन मिळून अवघी ३२ चौरस किलोमीटर, आणि कोचीचा किनारा शेकडो किलोमीटर दूर. बित्रा बेटावर तर २७१ माणसे. तेथील डॉक्टर दिवसाला किती रुग्ण तपासतो, असा प्रश्न हिशेबनिसाने विचारला तर उत्तर हास्यास्पद येणारच. पण ऐन पावसाळ्यात, समुद्र खवळलेला असताना, मध्यरात्री एखादी बाळंतीण रक्तस्रावाने तडफडू लागते, तेव्हा त्या डॉक्टरचे तेथे असणे हीच सेवा असते. अग्निशामक दलाचा खर्च कोणी विझविलेल्या आगींच्या संख्येने भागत नाही. मग दवाखान्यालाच हा न्याय का? सज्जतेची किंमत रोग्यागणिक वसूल होत नाही, म्हणून ती बाजारात मिळत नाही. रोग्यागणिक कमाई करणारा डॉक्टर, तो कितीही सज्जन असो, २७१ माणसांत संसार थाटणार नाही.

विम्याचेही तेच. २०१८ साली सुरू झालेल्या योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण आहे. पण कार्ड फार तर उभ्या असलेल्या रुग्णालयाचे बिल भागविते. नसलेला डॉक्टर ते निर्माण करू शकत नाही.

हा धडा स्कॉटलंडने शंभर वर्षांपूर्वीच घेतला होता. १९११ चा ब्रिटिश राष्ट्रीय विमा कायदा मजुरी मिळविणाऱ्या कामगारांसाठी होता. उत्तरेकडील डोंगराळ मुलखात आणि बेटांवर तुटपुंजी जमीन कसणारे व मासेमारी करणारे लोक. त्यांना ना मालक, ना पगार, त्यामुळे विमाही नाही. १९१२ मध्ये ड्यूअर समितीने त्या भागात हिंडून साक्षी घेतल्या. कित्येक मृत्यू डॉक्टरच्या दाखल्याविनाच नोंदले जात होते, आणि जे डॉक्टर होते तेही अर्धपोटी राबत होते. समितीच्या अहवालावरून १९१३ मध्ये कायदा झाला आणि वार्षिक ४२,००० पौंडांचे सरकारी अनुदान मंजूर झाले. डॉक्टरांना किमान उत्पन्नाची हमी मिळाली, प्रवासखर्च सरकारने उचलला आणि रोग्याकडून, तो कितीही दूर राहत असो, माफक फी घेतली जाऊ लागली. परिचारिका नेमल्या गेल्या. १९३३ मध्ये हेब्रिडीजमधील एका बेटावरून आजारी कोळ्याला विमानाने ग्लासगोला नेण्यात आले. १९४८ ची राष्ट्रीय आरोग्यसेवा येईपर्यंत ही व्यवस्था टिकली.

ब्रिटन साम्राज्याच्या लुटीवर श्रीमंत होता, हे खरेच. पण हा मुलूख त्या श्रीमंत देशाचे दारिद्र्य होते, आणि अनुदान देणारे सरकार उदारमतवाद्यांचे होते. (समाजवाद्यांनी त्यांच्याकडून एखादी गोष्ट उचलायला लाजू नये.) आपल्याकडेही पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणी उपचारांस मुकू नये, हे तत्त्व भोर समितीने १९४६ मध्येच मांडले होते.

उलट लक्षद्वीपमध्ये काय घडले? मे २०२१ मध्ये प्रशासनाने आदेश काढून रुग्णाला हेलिकॉप्टरने हलविण्याचा निर्णय चार सदस्यांच्या समितीकडे सोपविला. रुग्ण एका बेटावर, त्याला तपासणारा डॉक्टर त्याच्या उशाशी, आणि हुकूम मात्र कागदपत्रे पाहून समितीने द्यायचा! काटकसरीच्या नावाखाली वेळ वाया घालविण्याचा हा प्रकार आहे. आणि अशा प्रसंगी वेळ म्हणजे रोग्याचा प्राण.

म्हणून पक्षाच्या कार्यकर्त्यांनी मागणी नेमकी करावी. वस्ती असलेल्या प्रत्येक बेटावर कायम नेमणुकीचा डॉक्टर, त्याला राहते घर आणि तो रजेवर जाईल तेव्हा बदली माणूस. बेटांवरच्याच मुलींना परिचारिकेचे शिक्षण व तेथेच नोकरी. आणि हेलिकॉप्टर बोलाविण्याचा अधिकार रोग्याला तपासणाऱ्या डॉक्टरच्या हाती. हा सारा खर्च रुग्णसंख्येशी न जोडता दीपस्तंभाच्या खर्चाप्रमाणे अंदाजपत्रकात कायमचा धरावा, असा आग्रह संसदेत आपल्या बाजूच्या सदस्यांकडून धरविला पाहिजे.