त्या सिरिंजमध्ये नेमकं काय आहे?

"डॉक्टर, ते सीझनचं इंजेक्शन देऊन टाका." पावसाळा सरत आला, रस्त्याकडेचं गाजर गवत फुललं की ही मागणी सुरू होते. कमरेत एक सुई, दोन-चार दिवसांत शिंका बंद. पेशंट खूश, डॉक्टरही खूश. याला सर्रास 'ॲलर्जीचं इंजेक्शन' म्हणतात. माझा आक्षेप या नावालाच आहे, कारण त्या सिरिंजमध्ये बहुतेक वेळा असतं हळूहळू विरघळणारं स्टिरॉइड.

हे स्टिरॉइड प्रतिकारयंत्रणेला काही आठवडे दाबून ठेवतं. परागकणांशी शरीराचं वैर तसंच राहतं. असर उतरला की शिंका परत, मग पुन्हा सुई. अशी इंजेक्शनं वारंवार घेतली तर रक्तातली साखर वाढू शकते, हाडं ठिसूळ होऊ शकतात, ॲड्रिनल ग्रंथींचं काम मंदावू शकतं. (नाकातला स्टिरॉइड स्प्रे वेगळा. त्याचा डोस अगदी कमी असतो, त्याला घाबरू नका.)

खरी ॲलर्जीची लस, म्हणजे इम्युनोथेरपी, नेमकं ते वैरच कमी करते. लेनर्ड नून यांनी लंडनमध्ये गवताच्या परागांचा अर्क टोचून केलेले प्रयोग १९११ साली प्रसिद्ध केले. तत्त्व आजही तेच आहे.

ॲलर्जी असलेल्यांच्या शरीरात परागांविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडं बनतात आणि मास्ट पेशींवर चिकटून बसतात. पराग नाकात शिरले की या पेशी हिस्टामाइन सोडतात. मग शिंका, खाज, पाणी. लसीत त्याच परागांचा अर्क आधी अत्यल्प, मग वाढत्या डोसमध्ये देतात. त्यामुळे भडका आवरणाऱ्या नियामक टी-पेशी वाढतात. आयजीजी-४ ही नवी प्रतिपिंडं परागांना आयजीईपर्यंत पोचण्याआधीच अडवतात. आयजीई सुरुवातीला वाढतंसुद्धा, नंतर सावकाश उतरतं. म्हणून पहिल्या काही महिन्यांतला रक्ताचा रिपोर्ट पाहून निराश होऊ नका.

"पण तीन वर्षं कोण येणार?" प्रश्न रास्त आहे. आधी साधारण दर आठवड्याला, मग महिन्याला, असा ३ ते ५ वर्षांचा हा कोर्स असतो. मात्र तो पूर्ण केल्यावर फायदा पुढेही काही वर्षं टिकतो. स्टिरॉइडच्या सुईला हे कधीच जमणार नाही.

लस सगळ्यांना लागत नाही. अनेकांचं स्प्रे आणि गोळ्यांवर भागतं. टेस्टमध्ये सापडलेली ॲलर्जी आणि तुमचा त्रास यांचा मेळ बसला तरच ती द्यावी. दमा आटोक्यात नसेल तर देऊ नये. क्वचित गंभीर रिॲक्शन येते, म्हणून ॲड्रेनॅलिन हाताशी असेल तिथेच ती घ्यावी आणि नंतर ३० मिनिटं तिथेच थांबावं.

माझं म्हणणं एवढंच, की इंजेक्शन कोणतंही असो, त्याचं नाव डॉक्टरांनी कागदावर लिहिलंच पाहिजे. लिहिलं नसेल तर सुई टोचण्याआधी विचारा. तो तुमचा हक्क आहे.