पण सांगतो कोण?



चंडीगडच्या सेक्टर 34 मधून एका भगिनीचे पत्र आले आहे. यजमानांच्या नोकरीमुळे काही वर्षांपासून त्यांचे बिऱ्हाड तिकडे आहे. शेजारच्या पंजाबी गृहिणीने शिवाजी सावंत यांची ‘मृत्युंजय’ हिंदीतून वाचली, यांनी ती मराठीतून पूर्वीच वाचलेली. आणि कर्णासारखा अन्याय कोणाच्याही वाट्यास आला नाही, याविषयी दोघींचे तत्काळ एकमत झाले. विरोध केला तो घरातील कॉलेजात जाणाऱ्या मुलीने. भरसभेत ज्याने एका स्त्रीची विटंबना करावयास सांगितले, त्याच्यासाठी आईच्या डोळ्यांत पाणी यावे, हे तिला मुळीच रुचले नाही. मायलेकींत दोन दिवस अबोला होता म्हणे! आता त्या विचारतात की खरे कोणाचे, मुलीच्या संतापाचे की आपल्या अश्रूंचे?

या प्रश्नाला हात घालण्यापूर्वी आपण दुसराच एक प्रश्न विचारू. ही हकीगत आपणांस सांगितली कोणी?

‘मृत्युंजय’ 1967 साली प्रसिद्ध झाली. तिचे नऊ भाग आहेत. त्यांतील चार स्वतः कर्ण सांगतो. उरलेले कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि अखेरीस श्रीकृष्ण यांच्या तोंडी आहेत. जन्मदात्री, मित्र, पत्नी, धाकटा भाऊ! श्रीकृष्ण तेवढा विरुद्ध पक्षाचा, पण त्याची पाळी येते तोवर निकाल लागून गेलेला असतो. अर्जुनाला एकही भाग नाही. द्रौपदीला नाही. न्यायसभेत सगळे साक्षीदार एकाच बाजूचे असावेत आणि फिर्यादी स्त्रीस बोलावणेच जाऊ नये, असा काहीसा हा प्रकार आहे. यात लेखकाने लबाडी केली असे मात्र कोणी म्हणू नये. कर्णाच्या मनात शिरावे हाच त्या ग्रंथाचा संकल्प होता, आणि तो त्याने पार पाडला. शेकडो पृष्ठे आपण कर्णाच्या डोळ्यांनी पाहिले, त्याच्यासह सूतपुत्र म्हणून अवहेलना सोसली. मग द्यूतसभेत पाऊल ठेवताना आपण तटस्थ प्रेक्षक राहणार तरी कसे?

आता सभापर्व उघडून पाहावे. तेथे विकर्ण हा कौरवांपैकीच एक तरुण द्रौपदीच्या बाजूने उभा राहतो. त्याला खडसावून गप्प करतो तो कर्ण, आणि पांडवांची व द्रौपदीची वस्त्रे उतरवून घे असे दुःशासनास सांगतो तोही कर्णच. पुढे उद्योगपर्वात श्रीकृष्णाशी बोलताना आपल्या कटु वचनांचा पश्चात्ताप झाल्याचेही तो कबूल करतो. म्हणजे मूळ ग्रंथात अपराधही आहे आणि अनुतापही आहे. निवेदक मात्र कर्णाच्या अंतःकरणात मुक्काम ठोकून बसलेला नाही. शिवाय आणखी एक गोष्ट. स्वयंवरात द्रौपदीने ‘सूताला मी वरणार नाही’ असे म्हणून कर्णास हिणविले, ही समजूत आपल्या घराघरांत इतकी रुजली आहे की पुढच्या साऱ्या सुडाला तीच कारण वाटते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने 1919 ते 1966 अशी सत्तेचाळीस वर्षे खपून महाभारताची जी चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तिच्या मूळ संहितेत हे उद्गार घेतलेलेच नाहीत. ते पाठभेदांत गेले आहेत. किंबहुना कर्णाची बाजू सांगणाऱ्या परंपरेने द्रौपदीच्या तोंडी हे शब्द घातले असावेत, असे मला वाटते. विद्वानांनी याचा विचार करावा.

योगायोग असा की त्याच 1967 साली इरावती कर्वे यांचा ‘युगान्त’ हा ग्रंथ निघाला. त्यातही कर्णावर लेख आहे. पण तेथे निवेदिका आहे एक मानवशास्त्रज्ञ विदुषी, आणि ती कर्णाकडे भक्तिभावाने पाहत नाही. एकाच वर्षी एकाच पुरुषाविषयी मराठीत हे दोन ग्रंथ यावेत! ज्या घरात ‘मृत्युंजय’ आहे त्या घरात ‘युगान्त’ही असावा, इतकेच मी सुचवीन.

कोणी म्हणेल, सर्वांनाच बोलावयास लावले की न्याय झाला. वि. स. खांडेकर यांच्या ‘ययाति’कडे पाहा. 1959 साली ही कादंबरी प्रसिद्ध झाली, पुढल्याच वर्षी तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. तीत ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आळीपाळीने आपापली कहाणी सांगतात. तरीही देवयानीविषयी वाचक सहसा हळहळत नाहीत. तिला बोलावयास मिळाले, पण आपला गर्व आणि आपला मत्सर यांचीच ती साक्ष देत राहते. शर्मिष्ठेच्या तोंडी मात्र त्यागाची भाषा येते. आणि कच? त्याला निवेदन दिलेलेच नाही. तो दिसतो तो इतरांच्या नजरेतून, बहुधा आदराने. ज्याला स्वतः बोलावे लागत नाही त्याला स्वतःचे समर्थनही करावे लागत नाही, आणि देवयानीच्या भंगलेल्या प्रेमाचा हिशेब त्याच्यापाशी मागण्याची आठवण कोणास राहत नाही. मौन असे दोन प्रकारे काम करते: द्रौपदीचे तिला बाधते, कचाचे त्याला तारते.

मुळात ही कथा महाभारतात वैशंपायन सांगतो, आणि ऐकतो जनमेजय. हा जनमेजय पुरूच्या वंशातला, पुरू शर्मिष्ठेचा पुत्र. देवयानीचे पुत्र यदु आणि तुर्वसु. सवतीच्या वंशजापुढे सांगितलेली देवयानीची कथा आपण हजारो वर्षे ऐकत आलो आहोत!

भाषांतराच्या मेजावर बसले की या गोष्टी अधिकच जाणवतात. इंग्रजीतील ‘मी’ पुरुष की स्त्री हे कैक पृष्ठे लपून राहू शकते. मराठीत ‘मी गेलो’ किंवा ‘मी गेले’ म्हणताच उलगडा होतो. आणि दुसऱ्याविषयी बोलताना ‘तो’ म्हणावे की ‘ते’, ‘ती’ की ‘त्या’, हे ठरविल्यावाचून आपल्या निवेदकास पुढे सरकता येत नाही. मान दिला किंवा नाकारला, निवाड्याची सुरुवात तेथेच झाली. हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ 1890 पासून ‘करमणूक’ पत्रात क्रमशः येऊ लागली. लेखक पुरुष, पण सारी कादंबरी यमूच्या तोंडून, स्त्रीलिंगी क्रियापदांत. विधवा झालेल्या यमूचे जबरदस्तीने केशवपन होते. सासरच्या वडीलधाऱ्यांविषयी बोलताना त्या काळच्या मुलीला आदरार्थी बहुवचन सोडण्याची सोय नव्हती. ज्यांच्या हातून छळ झाला त्यांनाही तिने मानानेच संबोधावयाचे! हेच कथानक एखाद्या त्रयस्थ निवेदकाने सांगितले असते तर त्यास चार जळजळीत विशेषणे वापरता आली असती, पण व्याकरणाच्या मर्यादेत राहून बोलणाऱ्या यमूची साक्ष अधिक भेदक ठरते.

परदेशांतही असेच घडले आहे. शार्लट ब्राँटीच्या ‘जेन एअर’ (1847) मध्ये माळ्यावर कोंडलेली एक वेडी पत्नी आहे. कथा जेन सांगते, म्हणून ती पत्नी आपणांस केवळ अडथळा वाटते. 1966 साली जीन ऱ्हीस या लेखिकेने ‘वाइड सारगॅसो सी’ लिहून तिला बोलते केले, आणि वाचकांना माळ्याची ती खोली पहिल्यासारखी दिसेनाशी झाली. आपल्याकडे प्रतिभा राय यांनी 1984 च्या ‘याज्ञसेनी’ या ओडिया कादंबरीत निवेदन द्रौपदीकडे दिले. चंडीगडच्या त्या मायलेकींनी ती हिंदीतून मिळवून दोघींनी मिळून वाचावी, शेजारणीसही बोलवावे. आईचे अश्रू खोटे नाहीत. चार भाग कर्णाजवळ बसून ते आले आहेत. मुलीचा संतापही खराच, तो ज्या स्त्रीस बोलूच दिले नाही तिच्या बाजूचा आहे. अबोला तेवढा मात्र कर्ण आणि द्रौपदी या दोघांनाही अनाठायी वाटला असता.

असो. पुढील खेपेस विश्राम बेडेकर यांच्या ‘रणांगण’ (1939) या छोट्या कादंबरीकडे वळू. तीतील बोटीवरचा प्रवास सांगणारा चक्रधर स्वतःविषयी किती सांगतो आणि हॅर्टाविषयी किती, हे मोजीत वाचल्यास बोलणे सोपे जाईल.